खोली सांभाळायला

आमच्या गिरगावच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. सकाळी दुधासाठी उघडलेलं दार रात्री अंथरुणं घालतानाच लागायचं. मधल्या वेळात कुणाचं दार बंद दिसलंच, तर त्याचे अर्थ ठरलेले होते. आत ताप आहे, भांडण आहे, किंवा बोलू नये असं काहीतरी घडलं आहे. मग शेजारची बाई कडी वाजवून विचारायची, "काय गं, बरं आहे ना?" आतून ओ आल्याशिवाय ती हलायची नाही. आणि उगीच दार लावून बसणाऱ्याला पुढे कितीतरी दिवस टोमणे ऐकावे लागत, ते वेगळंच.

माझी आई लग्न होऊन कोकणातून थेट या चाळीत आली. मुंबई तिला कधी मोठी वाटलीच नाही, कारण तिची मुंबई म्हणजे दुसऱ्या मजल्याची गॅलरी. तांदूळ निवडायचे गॅलरीत, वेण्या घालायच्या गॅलरीत, रडायचं तेही गॅलरीतच. माझ्या पाठचा भाऊ जन्मून चार दिवसांत गेला, तेव्हा आमच्या घरी कितीतरी दिवस स्टोव्ह पेटला नाही, रोज कुठल्या ना कुठल्या खोलीतून ताट यायचं. ही गोष्ट सांगताना आई भावाबद्दल थोडं बोलायची आणि त्या ताटांबद्दल पुष्कळ. कुणी आमटी आणली, कुणी मऊ भात आणला, कुणी समोर बसून घास भरवला, हे तिला नावानिशी आठवायचं.

बाबांचं उलटं होतं. ते जन्मले त्याच खोलीत, आठ माणसांत. मॅट्रिकचा अभ्यास त्यांनी जिन्यातल्या दिव्याखाली केला. नोकरी लागली, लग्न झालं, आधीची माणसं कमी झाली, तरी एकटं बसायला जागा म्हणून कधी मिळाली नाही. आई गमतीनं म्हणायची, "ह्यांना एकांत हवा झाला की हे संडासच्या रांगेत जाऊन उभे राहतात." बाबा हसायचे. पण ते खरंच होतं.

आणि मी? मी बारा वर्षांची असताना एका दुपारी मला कोपऱ्यात बसवलं गेलं, आणि दिवेलागणीपर्यंत ती बातमी तळमजल्यापर्यंत पोचली. माझ्या अंगात काय झालं ते मला नीट कळायच्या आत अख्ख्या चाळीला कळलं होतं. जिन्यावरून येणारीजाणारी प्रत्येक बाई दारातून डोकावून हसून जात होती. त्या दिवशी मला चाळीचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही. चाळीच्या आठवणी काढून डोळे पुसणारे लोक मला भेटतात. मी त्यांना विचारते, तुम्ही तिथं वयात येणारी मुलगी म्हणून राहिला होतात का? मग विषय बदलतो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. खाडीपलीकडे नवं शहर वसत होतं, आणि बाबांनी कुणालाही न विचारता तिथल्या घरासाठी अर्ज केला. घर लागलं, वाशीला. आमची आत्या म्हणाली, "वाशी? तिथं कोल्हे ओरडतात म्हणे." ती काही अगदीच चुकीचं बोलत नव्हती. आईनं मात्र एकच अट घातली, की गिरगावची खोली सोडायची नाही. खोली भाड्याची, पावती बाबांच्या नावावर. बाबांनी लगेच कबूल केलं. त्यांना वाटलं, एवढ्यावर सुटलो.

वाशी म्हणजे तेव्हा रुंद रस्ते आणि त्यांवर नसलेली माणसं. इमारती एकमेकींपासून लांब लांब, मध्ये गवत, आणि बांबूच्या पिंजऱ्यात काटकुळी रोपं, ज्यांना सावली म्हणावी अशी सावली पडायला अजून बराच अवकाश होता. खाडीवरून वारा सतत सुटलेला. साधी कोथिंबीर हवी असली तरी मैलभर चाला. डॉक्टर सकाळी यायचे आणि दुपारी निघून जायचे. मुंबईची बस आली तर आली, नाहीतर उन्हात उभे राहा. कधी कधी कारखान्यांच्या पट्ट्याकडून वारा फिरला की कुजक्या अंड्यांचा वास यायचा आणि आई खिडक्या लावत म्हणायची, "हीच का तुमची शुद्ध हवा?"

पण घर! दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि आत, घराच्या आत, न्हाणीघर आणि संडास. नळाला पाणी केव्हाही यायचं. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी होती. पहिल्या दिवशी मी ती कडी लावून आत नुसतीच बराच वेळ उभी राहिले. अंघोळ नंतर केली. कपडे बदलायचे म्हणून बाबांना गॅलरीत जायला सांगावं लागणार नाही, पाटावर बसून साडीच्या आडोशाला पाणी घ्यावं लागणार नाही, हे मला खरंच वाटत नव्हतं.

बाबांची कडी वेगळी होती. आमच्या दाराला ओढलं की आपोआप लागणारं लॅच होतं. त्यांनी आम्हा दोघींना बाहेरच्या खोलीत उभं केलं, दार ओढलं, खट्‌ असा आवाज झाला. म्हणाले, "ऐका."

आई म्हणाली, "काय ऐकायचं?"

"काहीच नाही," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला होता, की आईला पुढे काही बोलवेना.

सवयीप्रमाणे आईनं दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि त्याला वीट लावून ठेवली. वाऱ्यानं धूळ आत आली. मग कुत्रं आलं. एकदा जवळच्या गावातली बकरी जिना चढून थेट स्वयंपाकघरात आली आणि भिजवलेल्या कणकेला तोंड लावून गेली. मी हसून हसून लोळले. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "अगं, दार लाव ना. दार लावायला असतं." आई म्हणाली, "लावलं तर कोण येणार?" ते म्हणाले, "कुणी येऊ नये म्हणूनच तर आलो आपण इथं."

हे ते रागानं बोलले नव्हते. त्यांना वाटलं होतं की आपल्याला जे हवं तेच बायकोलाही हवं असणार. आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू इतक्या वर्षांचा संसार झाल्यावर आज पहिल्यांदा ओळख होते आहे.

आमच्या समोर एक तरुण जोडपं राहायला होतं, देशावरचं. नवरा पट्ट्यातल्या कुठल्याशा कंपनीत होता. त्यांचं दार कायम बंद. आई सांडग्यांची भाजी, भाकरी, काहीबाही घेऊन जायची. ती मुलगी साखळी न काढता फटीतून वाटी घ्यायची, "थँक्यू काकू" म्हणायची आणि दार लावायची. वाटी मात्र घासूनपुसून परत यायची, आणि रिकामी. आईला त्या रिकाम्या वाटीचं फार लागायचं. आमच्याकडे शेजारची वाटी कधी रिकामी परत करत नसत, निदान चिमूटभर साखर तरी घालत.

पुढे त्या मुलीला दिवस गेले. तेव्हापासून आईला जरा उत्साह आला. सातवा लागला की तिची ओटी भरायची, हिरवं खणाचं कापड आणायचं, असे बेत तिनं मनातल्या मनात करून ठेवले. त्या मुलीला अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं.

आईशी मनापासून बोलणारी इमारतीत एकच बाई होती, आणि ती इमारतीतली नव्हती. खाडीकाठच्या जुन्या गावातली कोळंबी विकणारी. तिच्या घरची शेतं या नव्या शहराखाली गेली होती. ती प्रत्येक दार वाजवायची, बेल कधीच नाही, हातानं. "कोन हाय का घरान?" आमच्याकडे आली की टोपली जिन्यात टेकवून पाणी प्यायची आणि पाय पसरून बसायची. आई उंबऱ्यावर, ती पायरीवर. दोघी काय बोलायच्या कोण जाणे, पण त्या वेळी आईचा आवाज गिरगावातल्यासारखा व्हायचा.

त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा या दोघी समोरच्या दारापुढे उभ्या होत्या. दारात दोन दिवसांची वर्तमानपत्रं पडलेली. कोळंबीवाली म्हणत होती, "काल पन वाजवला, आज पन वाजवतंय, कोन उघरीत नाय. पोटुशी बाय हाय ती. मना काय बरा नाय दिसत."

आईचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं कडी वाजवली, बेल दाबली, हाका मारल्या. कीहोलला कान लावला. आतून काही नाही. मी म्हटलं, "अगं, गेले असतील कुठंतरी." आई माझ्यावर ओरडली, "सातव्या महिन्यातली बाई न सांगता जाईल कुठं?"

आज वाचणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. पण आईच्या डोक्यात दुसरी शक्यता येणंच शक्य नव्हतं. गरोदर बाई माहेरी निघाली की मजल्यावरच्या सगळ्या बायका तिची ओटी भरतात, कुणी दही हातावर घालतं, कुणी टॅक्सीपर्यंत पोचवतं. ओटी न भरता, समोरच्या बाईला एका शब्दानं न सांगता कुणी बाळंतपणाला जातं, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यामुळे ती आत पडली आहे, नवरा कुठंतरी कामावर अडकला आहे, आणि आपण बाहेर उभ्या आहोत, एवढंच तिला दिसत होतं. बाजूच्या इमारतीचं काम चाललं होतं. कोळंबीवालीनं तिथून एका सुताराला हाक मारून आणलं, आणि आईनं त्याला लॅच तोडायला लावलं.

आत कुणीच नव्हतं. पलंगपोस घातलेला होता, दुधाचं पातेलं घासून पालथं घातलेलं, नळ घट्ट बंद. खिडक्यांना खिट्ट्या. आम्ही तिघी आणि तो सुतार त्या परक्या घराच्या मधोमध उभे होतो. कोळंबीवालीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाली, "गेली म्हनायची मायेराला. बरा झाला." आईला बरं झालं असं काही वाटत नव्हतं. ती त्या पालथ्या पातेल्याकडे पाहत म्हणाली, "ओटी न भरताच गेली."

आईनं कडीकोयंडा बसवून घेतला, आमचं कुलूप घातलं आणि राखण करत बसली. दोन दिवसांनी नवरा एकटा परतला. आईनं त्याला किल्ली दिली आणि काय झालं ते सांगितलं. तो आरडाओरडा करेल म्हणून मी आत जाऊन थांबले होते. त्यानं आवाजही चढवला नाही. म्हणाला, "काकू, तुम्ही काळजीपोटी केलंत, ते कळतं मला. पण असं परक्याच्या घरात शिरू नये."

आई म्हणाली, "मी तिची ओटी भरणार होते." त्याला त्याचा अर्थ लागला नाही. तो "ठीक आहे" म्हणाला आणि आत गेला.

बाबा संध्याकाळी त्याची माफी मागून आले. परत आल्यावर ते आईला म्हणाले, "त्याचं बरोबर आहे." मी दप्तर भरत होते. मलाही त्याचं बरोबर वाटलं होतं, आणि माझ्या घरात असं कुणी शिरलं असतं तर मी त्याला इतक्या सभ्यपणे सोडलं नसतं. आईनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग ती उठली, दाराला लावलेली वीट तिनं उचलून बाहेर नेऊन टाकली आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर आई दार लावू लागली, आणि बोलायची थांबली. रागानं नाही. स्वयंपाक वेळेवर, माझ्या वेण्या वेळेवर, सणवार सगळं. पण विचारलं तेवढंच उत्तर. दुपारी मी घरी आले की ती खिडकीशी बसलेली असायची, आणि खिडकीतून दिसण्यासारखं तर काही नव्हतंच. कोळंबीवालीनं दार वाजवलं तर दार अर्धं उघडून वाटा घ्यायची. "काय झाला गो बाय तुला?" असं तिनं विचारलंही. आई म्हणाली, "काही नाही, कामं आहेत." मला आईची भीती वाटायला लागली. बाबांनाही वाटत असणार, कारण ते हल्ली येताना तिच्यासाठी गजरा आणायला लागले होते, जो त्यांनी गिरगावात कधी आणला नव्हता.

अशात चाळीतून निरोप आला, की खोलीला किती दिवस कुलूप आहे याची मालकाचा मेहताजी चौकशी करतो आहे. भाड्याची खोली फार दिवस बंद ठेवली की मालक दावा लावून ताब्यात घ्यायचे, तेव्हा हे सर्रास चालायचं. त्यामुळे उपनगरांत घरं घेतलेल्या कितीतरी कुटुंबांतलं कुणी ना कुणी गिरगावात, दादरला, परळला मागे राहिलेलं असायचं. म्हातारे वडील, अविवाहित काका, कॉलेजातला मुलगा. विचारलं की उत्तर तयार असे, "खोली सांभाळायला ठेवलंय."

आई म्हणाली, "मी जाऊन राहते महिनाभर. दिवा लागलेला दिसला की झालं."

बाबा म्हणाले, "जा." दुसरं काय म्हणणार? अट त्यांनीच कबूल केली होती.

निघताना आईनं मला विचारलं, "येतेस माझ्याबरोबर?" मी म्हटलं, शाळा बुडेल. आई माझे केस मागे सारत म्हणाली, "शाळा गिरगावात पण आहे. तुला न्हाणीघराची कडी हवी आहे." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मी मान खाली घातली, पण ते नाकारलं नाही.

महिन्याचे दोन झाले. गणपती आले, चाळीच्या गणपतीला आई नाही असं कसं चालेल? मग नवरात्र. दिवाळीला ती वाशीला आली, मला अभ्यंगस्नान घातलं, फराळ केला आणि भाऊबीज झाल्यावर म्हणाली, "निघते, तिकडे कुलूप आहे." मला ताप आला की ती धावत यायची, उशाशी बसून राहायची, ताप उतरला की परत. असं करत करत वर्षं गेली. माझे आईवडील खाडीच्या दोन बाजूंना राहत होते आणि कुणालाही त्याचा संशय आला नाही. खोली सांभाळायला, एवढं सांगितलं की लोक समजूतदारपणे मान डोलवायचे. आमचं हसं झालं नाही, हे उपकारच म्हणायचे त्या शब्दांचे.

दर रविवारी बाबा आणि मी गिरगावात जायचो. बाबा वाशीची भाजी पिशवीत घेऊन जायचे. आई मासे तळायची. जेवण झालं की तिघं गॅलरीत बसायचो, आणि येणारा जाणारा थांबून बाबांना विचारायचा, "काय, कसं काय तुमचं जंगल?" बाबा अवघडून हसायचे. चार वाजले की त्यांची चुळबुळ सुरू व्हायची. ते तिथं रात्री कधी राहिले नाहीत. म्हणायचे, त्या खोलीत मला आता झोप येणार नाही. आणि आई? दुसऱ्या मजल्यावरचा तिचा आवाज पार तळमजल्यावर ऐकू यायचा. ती जाड झाली होती, चांगली दिसायला लागली होती. त्याचा मला आनंद व्हायचा आणि राग यायचा, दोन्ही एकदमच.

बाबांनी स्वतःसाठी पिठलंभात शिकून घेतला. जेवलं की दार लावून वाचत बसायचे. हवी होती ती शांतता त्यांना मिळाली होती. एकदा पुस्तकातून मान वर न करता ते म्हणाले, "फार शांत आहे गं इथं." ते माझ्याशी बोलत नव्हते.

आत्या मला म्हणायची, "मुलीच्या जातीनं आईला असं टाकू नये." मी तिला स्पष्ट सांगितलं, मी कुणाला टाकलेलं नाही. आई गेली कारण तिला माणसं हवी होती, मी राहिले कारण मला दार हवं होतं. यात चूक कुणाची, असं लोक विचारतात. चूक असलीच पाहिजे, हा हट्ट कशाला? आईची आठवण येऊन मी न्हाणीघरात कडी लावून रडले आहे. पण ती कडी होती म्हणूनच मला कुणाला न दाखवता रडता आलं, हेही खरं.

मी कॉलेज संपवलं, नोकरीला लागले, माझं लग्न ठरायला आलं. त्याच सुमारास चाळीतल्या आमच्या शेजाऱ्यांनी बाबांना गाठलं. त्यांची मुलं मोठी झाली होती, मधली भिंत पाडून त्यांना आमची खोली घ्यायची होती. ताबा सोडण्यासाठी चांगली पगडी देत होते आणि मालकही तयार होता. नातेवाइकांना तर हा देवानं दिलेला कौल वाटला. लग्नाचा खर्च निघेल, आणि आत्या म्हणाली तसं, "एका सहीत बायको घरी येईल."

ते शब्द बाबांच्या डोक्यात घोळत असणार. खोली गेली की आईला यावंच लागणार होतं. भांडण नको, समजावणं नको, कुणापुढे हात पसरणं नको. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला कधी "ये" असं म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणायचीही गरज नव्हती. मी त्यांना रोज पाहत होते. मला वाटत होतं, त्यांनी सही करावी. होय, मलाही वाटत होतं. मी सासरी गेल्यावर हा माणूस त्या बंद दारामागे एकटा राहणार होता.

आईला बातमी अर्थातच आमच्याआधी कळली होती. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. पण भिंतीशी असायचा तो पाटा-वरवंटा दिसेना. विचारलं तर म्हणाली, "खालच्या मजल्यावर देऊन टाकला. तिकडे मिक्सर आहे ना." त्याच्या पुढच्या रविवारी गॅलरीतली तुळसही गेली होती. बाबा बाहेर गॅलरीत बसले होते. मी आईला स्वयंपाकाच्या ओट्याशी गाठून विचारलं, "तुला काय हवंय ते त्यांना सांगत का नाहीस?" ती म्हणाली, "त्यांच्या नावावर आहे. त्यांनी मला इतकी वर्षं राहू दिलं. आता त्यांना हवं ते करू दे." मग भाकरी थापता थापता तिचे हात थांबले आणि ती म्हणाली, "तिथं मी मरेन गं. पण एवढं त्यांना सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नव्हतं, कोण जाणे. बाबांनी मला काही विचारलंही नाही. पुढचे काही दिवस ते कचेरीतून उशिरा येत राहिले. मला वाटलं, व्यवहार ठरवताहेत.

मग एका रविवारी त्यांनी भाजीची पिशवी आईच्या हातात दिली आणि खिशातून भाडेपावती काढून तिच्यापुढे धरली. पावतीवर आईचं नाव होतं. मेहताजीनं खूप आढेवेढे घेतले होते, मालकाकडे कितीतरी खेपा घालाव्या लागल्या होत्या. आईनं ती पावती दोनदा वाचली. तिचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "म्हणजे मी आता यायचंच नाही का तिकडे?"

"यायचं ना," बाबा म्हणाले. "वाटेल तेव्हा ये. पण मी सही केली म्हणून आलीस, असं मला नको." मग गॅलरीतून कुणी ऐकत असेल याची पर्वा न करता ते म्हणाले, "आणि लोकांना काय सांगायचं ते सांग. खोली सांभाळायला राहतेस, असं आता सांगायला नको. इथं राहतेस, एवढंच."

आईनं पानं वाढली. आम्ही जेवलो. त्या दिवशी गॅलरीत कुणी बसलं नाही. बाबा खोलीतच भिंतीला टेकून बसून राहिले, आणि चार वाजून गेले तरी त्यांची चुळबुळ सुरू झाली नाही. उन्हं उतरल्यावर ते उठले. चपला घातल्या. दर रविवारी ते या वेळी म्हणायचे, "येतो पुढच्या रविवारी," आणि आई मान हलवायची. आज ते म्हणाले नाहीत. नुसतेच दारात उभे राहिले.

ते का थांबले आहेत, ते मला कळायला वेळ लागला. आईला लगेच कळलं. खोली आता तिची होती.

"पुढच्या रविवारी याल ना?" तिनं विचारलं.

"तू म्हणालीस तर."

अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलणारी माझी आई इतक्या हळू बोलली, की मला ते जेमतेम ऐकू आलं. "या," ती म्हणाली. "मी वाट बघेन."

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. खाडीचा पूल लागला तेव्हा ते मला म्हणाले, "बोलावलंय तिनं." मी तिथंच तर उभी होते, मला सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी मला ते सांगितलं. मग ते रडायला लागले, आणि पूल संपेपर्यंत मी त्यांचा हात हातात घेऊन बसले.